जाईचा पाला ठीक, पण तोंडच उघडत नसेल तर?

जाईचा पाला चघळून तोंड आलेलं बरं होतं, हे एका पोस्टमध्ये लिहिलंय ते पटतं. आमची आजी पाच-सहा कोवळी पानं द्यायची. तुरट-कडू रस गालात धरून थुंकायचा, ठणका कमी व्हायचा. पण तिखट झोंबतं, तोंड पूर्ण उघडत नाही, यालाही पाला आणि हळदच पुरे, हे त्याच पोस्टमधलं म्हणणं अजिबात मान्य नाही.

माझ्या मामाला सुपारीची सवय. साध्या आमटीनेही डोळ्यांत पाणी यायचं. वर्षभर हळद-तूप लावत राहिला आणि एक दिवस वडापावचा घास तोंडात जाईना. दातांच्या डॉक्टरांनी त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तर दोनही जाईनात! सुपारीतल्या अरेकोलीन या रसायनामुळे गालाचं अस्तर आतून पांढरट, चामड्यासारखं घट्ट होत जातं, आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. हळदीतल्या कुरक्युमिन या घटकाचा या आजारात अभ्यास झालाय, जळजळ कमी होते असं दिसलंय, पण ते उपचारांच्या जोडीला, आणि सुपारी सुटली तरच. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर कृपा करून आधी तपासून घ्या.