ग्लोबल वार्मिंगवर नेटवर तीन ठिकाणी तीन आकडे, खरं कोणतं धरावं?

सेलूकर_७१

नमस्कार मंडळी. पोरगी नववीला हाय, शाळेत ग्लोबल वार्मिंगवर प्रकल्प दिलाय, "इंटरनेटवरून माहिती जमा करा" एवढंच सांगितलंय, कुठून करायची ते नाही. रविवारी कोळपणीवरून घरी आलो तर ही मोबाईल घेऊन रडकुंडीला आलेली. तीन ठिकाणचं उतरवून घेतलं आणि तिन्हीचा मेळ बसंना. एका ठिकाणी लिहिलंय २०२४ साल १.५५ अंशानं जास्त गरम होतं, दुसरीकडं त्याच सालाचा आकडा ०.६५, आणि आमच्या मेव्हण्यानं फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणतोय की उद्या पहाटे ५.२७ पासून अ‍ॅफेलियन चालू, पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के लांब जाणार, २२ ऑगस्टपर्यंत गारठा पडणार, सर्दी खोकला होणार, गरम पाणी प्या. वरून एक व्हिडिओ पण धाडलाय, ३१ हजार शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं म्हणे की ग्लोबल वार्मिंग थोतांड आहे. मेव्हणा बीएस्सी झालेला, त्यामुळं घरात त्याचाच शब्द चालतो. माझं शिक्षण दहावी, पण पोरीच्या वहीत चुकीचं जाऊ नये वाटतं. कोणती वेबसाईट खरी आणि कोणती खोटी अशी एखादी यादी असंल तर द्या.

रिटायर_मास्तर

सेलूकर, यादी मागू नका, यादीतली साईटही एखाद्या दिवशी चुकते आणि फालतू ग्रुपवरही कधी कधी खरं येतं. आधी त्या अ‍ॅफेलियनकडे बघू, तो मेसेज माझ्याकडे दरवर्षी जुलैत येतो, आषाढी वारीसारखा नेमानं.

त्यात लिहिलेलं असतं की सूर्य एरवी ९ कोटी किलोमीटरवर असतो आणि अ‍ॅफेलियनमुळे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर जातो, म्हणजे ६६ टक्के लांब. आता मुलीला म्हणावं कॅल्क्युलेटर घे आणि १५.२ ला ९ नं भाग. उत्तर १.६९ च्या आसपास येतं, म्हणजे ६९ टक्के. ज्यानं मेसेज लिहिला त्याला स्वतःचाच भागाकार जमला नाही! पण खरी गंमत पुढंच आहे. सूर्य ९ कोटी किलोमीटरवर कधीच नसतो. मैलात मोजलं तर सरासरी अंतर साधारण ९ कोटी ३० लाख मैल आहे, तेव्हा माझा आपला अंदाज असा की कुणीतरी एक आकडा मैलाचा उचलला आणि दुसरा किलोमीटरचा, आणि दोन्हीची वजाबाकी करून लोकांना गरम पाणी पाजलं. अ‍ॅफेलियन, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते तो क्षण, ही गोष्ट मात्र खरी आहे, दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला होते. जानेवारीत आपण सूर्यापासून १४ कोटी ७० लाखावर असतो, जुलैत १५ कोटी २० लाखावर, फरक झाला तीन टक्क्यांच्या आसपास.

आणि हे बघा, जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि नेमकी तेव्हाच तुमची परभणी कुडकुडत असते. लांब गेल्यानं गारठा पडत असता तर शेकोट्या जुलैत पेटल्या असत्या. थंडी-उन्हाळा पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून होतो, हे नववीच्या मुलीला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल, तिलाच विचारा.

मांजराकाठची

सेलूकर दादा, मास्तरांनी एक निकालात काढलं, दोन आकड्यांचं मी सांगते. ते दोन्ही खरे आहेत.

आता म्हणाल दोन्ही कसे खरे. दादा, तुम्ही शेतकरी आहात, अतिवृष्टीच्या अनुदानाला काय भानगड असते तुम्हाला ठाऊक आहे. महसूल मंडळातल्या पाऊस मोजायच्या यंत्रावर २४ तासात ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी. आमच्याकडं मागं एकदा ओढ्याचं पाणी सोयाबीनमधून वाहिलं, बांध फुटला, आणि यंत्रावर ४१. कारण यंत्र सात किलोमीटरवर, तिकडं पाऊस कमी झालता. ४१ खोटा होता का? नाही. पण तो आमच्या शिवाराचा नव्हता. तवापासून कुणीबी पावसाचा आकडा सांगितला की आमचे बाबा पहिलं हेच विचारतात, कुठल्या यंत्रावरचा? बस, नेटवरच्या आकड्याला पण हाच प्रश्न विचारायचा.

१.५५ हा जागतिक हवामान संघटनेचा आकडा हाय. सगळ्या जगाचा, जमीन आणि समुद्र धरून, आणि तुलना १८५० ते १९०० या काळाच्या सरासरीशी. तापमानाच्या नोंदींच्या सहा वेगवेगळ्या संचांवरून काढलेला आहे आणि सोबत ०.१३ इकडं-तिकडं असं पण लिहिलेलं असतं, जे बातमीत कुणी छापत नाही. ०.६५ हा आपल्या हवामान विभागाचा, फक्त भारताच्या जमिनीचा, आणि तुलना १९९१ ते २०२० च्या सरासरीशी. म्हणजे जे साल आधीच तापलेले होते त्यांच्याशीच मोजलं, त्यावर पण ०.६५ जास्त निघालं, आणि १९०१ पासूनच्या नोंदीत भारतात ते सगळ्यात गरम साल ठरलं. एक काठी वाड्याच्या जोत्यावरून धरली आणि दुसरी माळवदावरून, माप सारखं कसं येईल. पोरीनं ज्या दोन साईट उघडल्या त्यांनी खोटं लिहिलं नाही, पण कशाच्या तुलनेत ते गाळलं. तेच शब्द गाळलेले दिसले की ते पान सोडायचं आणि मूळ पत्रक ज्यानं काढलं त्याच्या साईटवर जायचं.

भारताचं एकच वाक्य लिहायचं असंल तर पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशानं वाढलं असं त्यात आहे. इंग्रजीत आहे पण सुरुवातीचा सारांश वाचला तरी पुरं.

पाटी_पेन्सिल

मी तर आधी पानाच्या तळाशी जातो. मागच्या साली "हवामान बदलाने सोयाबीन का पिवळं पडतं" असा मस्त लेख वाचला, पोलर व्हर्टेक्स, एल निनो सगळं होतं त्यात, आणि शेवटी निघालं काय तर एकरी दीड लिटर फवारायचं टॉनिक, कॅश ऑन डिलिव्हरी. घेतलं होतं हो. सोयाबीन पिवळंच राहिलं.

गोदाकाठ

सगळे सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नावानं आरती करायलेत म्हणून जरा दुसरी बाजू. आयपीसीसी, ती संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, जगातली सगळ्यात मोठी म्हणता ना, तिनंच लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील. संपायलेत का? आणि तापमानाच्या जुन्या नोंदी हे लोक नंतर "दुरुस्त" करतात, हे ते स्वतः कबूल करतात. मग मेव्हण्याला एकट्यालाच का हसायचं?

मांजराकाठची

गोदाकाठ, २०३५ चं तुमचं शंभर टक्के बरोबर हाय, आणि मला ती गोष्ट लई आवडते. २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या भागात ते वाक्य होतं. ते घेतलं होतं एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालातून, त्या संस्थेनं घेतलं होतं १९९९ च्या एका मासिकातल्या बातमीतून, आणि बातमी होती एका शास्त्रज्ञाच्या बोलण्यावर. कुणीच मागं जाऊन मूळ अभ्यास बघितला नाही, फॉरवर्ड करत गेले, आपल्या फॅमिली ग्रुपसारखं. आपल्याच देशातल्या हिमनदीवाल्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं चूक झाली म्हणून जाहीर केलं. आता तुम्ही मला सांगा, अ‍ॅफेलियनवाल्यानं आजवर एकदा तरी चूक झाली म्हणून मेसेज टाकलाय का? मी चुकीची कबुली कुठं छापलीय ते आधी बघते, ज्या साईटला वीस वर्षात एक दुरुस्ती नाही तिचा मला जास्त संशय येतो.

रिटायर_मास्तर

आणि नोंदी दुरुस्त करण्याचं म्हणाल तर पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, आपली पैसेवारी आठवा. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आकडा बदलला म्हणून लगेच कुणी तिला खोटी म्हणत नाही (म्हणतो, पण कारण वेगळं असतं!). तापमापी जुन्या गढीवरून उचलून गावाबाहेर नेली, दुपारी वाचायचे ते सकाळी वाचायला लागले, पूर्वी जहाजावरून बादलीनं समुद्राचं पाणी ओढून मोजायचे ते नंतर इंजिनाच्या नळीतून मोजायला लागले, हे सगळं जुळवून घ्यावंच लागतं. आणि जगाचा एकूण हिशोब केला तर या दुरुस्त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षातली वाढ उलट थोडी कमीच दिसते, समुद्राच्या त्या बादल्यांमुळे. वाढवून दाखवायचं असतं तर असं कशाला केलं असतं.

तुमच्यासारखीच शंका असलेला एक भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत होता, रिचर्ड मुलर, बर्कलीचा. त्यानं सगळ्या नोंदी घेऊन पहिल्यापासून हिशोब मांडला, पैशातला काही भाग तर कोळसा-तेलाच्या धंद्यातल्या कोक (Koch) यांच्या फाउंडेशनचा. २०१२ मध्ये त्यानं लिहून टाकलं की वाढ खरी आहे आणि ती जवळपास सगळी माणसामुळे. निकाल स्वतःच्या मताच्या आणि पैसे देणाऱ्याच्या सोयीच्या विरुद्ध लागला, म्हणून मला तो वजनदार वाटतो.

गोदाकाठ

मुलरचं वाचतो. पण ३१ हजारांचं कुणी बोलंना.

मांजराकाठची

ती ओरेगन पिटिशन. १९९८ पासून फिरायलीय. सही करायला विज्ञानाच्या कुठल्याबी शाखेची पदवी पुरते, म्हणजे सेलूकर दादांचे मेव्हणे पण तिकडं असते तर करू शकले असते. त्यांच्या स्वतःच्या साईटवरच शाखावार आकडे आहेत, क्लायमेटॉलॉजीचे, म्हणजे दीर्घकाळाच्या हवामानाचा अभ्यास करणारे, ३९. एकतीस हजारात एकोणचाळीस. सोबत जो लेख धाडला होता तो अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या मासिकातला वाटावा तसा छापला होता, अकादमीला पत्रक काढून सांगावं लागलं की हे आमचं नाही. गुडघा दुखतो म्हणून ३१ हजार डॉक्टरांचं मत घेतलं आणि त्यात ३९ हाडाचे, बाकी दातांचे आणि जनावरांचे, असा प्रकार.

सेलूकर_७१

मंडळी लई उपकार. मास्तरांचा भागाकार पोरीनं केला, ६९ च आलं, तिनं ग्रुपवर टाकलं तर मेव्हण्यानं नुसता अंगठा दाखवला आणि अर्ध्या तासानं नवीन व्हिडिओ, एक ज्वालामुखी फुटला की माणूस वर्षभरात सोडतो त्याच्यापेक्षा जास्त कार्बन हवेत जातो म्हणून. ह्याचं काय करावं?

मांजराकाठची

तुम्ही काहीच करू नका दादा, पोरीला करू द्या. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण हाय, यूएसजीएस, ते ज्वालामुखीवरच काम करतात. तिथं शोध म्हणावं. व्हिडिओ पुन्हा बघायची गरज नाही.

सेलूकर_७१

शोधलं तिनं, दोन तास लागले, इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसली होती. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनाच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि माणूस ३५ अब्ज टनाच्या वर. मी विचारलं दोन्हीकडं टनच हायेत का, का एकीकडं मैल. म्हणली बघितलं बाबा, दोन्हीकडं टनच, आणि दोन्हीकडं कार्बन डायऑक्साइडच, नुसता कार्बन नाही, त्यानं पण आकडा बदलतो म्हणे. हे मला बी नवीन. वहीत तिनं आता एक जास्तीचा रकाना आखलाय, "कशाच्या तुलनेत", त्यामुळं पानं पुरंनात, सकाळी दुसरी वही आणायला पाठवलं. पाऊस उघडलाय, फवारणीला जातो.