सोल गाण्यातले शब्द काढून जॅझवाले नक्की काय मिळवतात?

सूर_बेसूर
सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत. त्यातला गायक मार्व्हिन गे, त्याचं 'इनर सिटी ब्लूज' हे गाणं १९७१चं. चंद्रावर यानं सोडायला पैसा आहे, गरिबांसाठी नाही. बिलांचे ढीग साचलेत, पोरांना मरायला पाठवलं जातंय. हे सगळं तो जराही न ओरडता म्हणतो, म्हणून जास्त लागतं. त्याच वर्षी जॅझवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरने ते सॅक्सोफोनवर वाजवलं. सफाईबद्दल वादच नाही, पण संताप कुठे गेला? हॉटेलात लावा, कुणाचा घास अडणार नाही. सोल गाणं म्हणजे गाणाऱ्याचा गळा आणि त्याचे शब्द. ते काढून नुसती चाल सजवायची, याला मी गाजलेल्या नावावर रेकॉर्ड खपवणं म्हणतो.

डबलबास
खपवणं हा गुन्हा कधीपासून झाला? जॅझ पियानोवादक रॅमसे लुईसच्या त्रिकुटाचं, रॅमसे लुईस ट्रायोचं 'दि इन क्राउड' ऐका. गायक डोबी ग्रेचं मूळ गाणं १९६५च्या सुरुवातीला गाजलं. लुईस सांगायचा की एका कॉफी शॉपातल्या वेट्रेसने ते सुचवलं, ज्यूकबॉक्सवर ऐकवलं आणि या तिघांनी वॉशिंग्टन शहरातल्या बोहेमियन कॅव्हर्न्स क्लबात वाजवलं. रेकॉर्डिंग तिथलंच आहे. लोक टाळ्या देतायत, मधेच ओरडतायत. शब्दांची जागा श्रोत्यांनी भरून काढलीय. बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं, ग्रॅमीही मिळालं.

वामकुक्षी
पाचवा नंबर हा पुरावा धागाकर्त्याच्याच बाजूने जातो हो!

कोमल_निषाद
दोन्ही बाजू जॅझ आणि सोलला परकं समजून भांडतायत. लुईस लहानपणी चर्चमध्ये पियानो वाजवायचा, गायिका अरिथा फ्रँकलिन चर्चमध्येच गायला शिकली. सोलची राणी होण्याआधी ती कोलंबिया कंपनीसाठी जॅझच्या वळणाची गाणी गात होती. लुईसचा पुढचा ड्रमर मॉरिस व्हाइट, त्याने नंतर 'अर्थ, विंड अँड फायर' हा बँड काढला. ये-जा दोन्हीकडून होती.

आणि शब्दांचंच म्हणाल तर जॅझ सॅक्सोफोनवादक राहसान रोलंड कर्कचं 'आय से अ लिटल प्रेअर' ऐका, १९६९चं. मूळ गाण्यात एक बाई सकाळी नटताना प्रियकरासाठी प्रार्थना करते. कर्कने ते मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येवरचा शोक म्हणून वाजवलं. कसला शोक, तांडव आहे ते! मधेच जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'ची धून घुसवलीय. चाल तीच, पण प्रार्थना कुणासाठी हे बदललं.

सूर_बेसूर
कर्क वाजवण्याआधी किंगला मारल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगतो. म्हणजे शब्द लागलेच की! आणि ग्रोव्हरची ती रेकॉर्ड मुळात हँक क्रॉफर्ड या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकासाठी ठरलेली. तो येऊ शकला नाही, म्हणून निर्माता क्रीड टेलरने ग्रोव्हरला उभं केलं. गाणं वादकाच्या आतून आलेलंच नाही.

कोमल_निषाद
मग अरिथाचं काय करायचं? हेच 'लिटल प्रेअर' बॅकरॅक आणि डेव्हिड यांनी गायिका डिऑन वॉरविकसाठी रचलं होतं. अरिथाने ते वर्षभरात आपलं करून टाकलं. तिच्या गळ्याला जी सूट देता, ती सॅक्सोफोनला द्यायला काय हरकत आहे?

डबलबास
ग्रोव्हर स्पीकरवर ऐकलात की फोनवर? खालचा बेस ऐका आधी, मग घास अडतो का ते सांगा.