बाळाचं नाव ठेवायचंय, बायबलमधल्या हिब्रू नावांचा अर्थ सांगा

नवापूरचा मामा:
बहिणीला मुलगा झालाय, रविवारी नाव ठेवायचंय आणि शमुवेल की इसहाक यावर घरात अडलंय. नुसतं छान वाटतं म्हणून नको, त्यामागचा आध्यात्मिक अर्थ कोणी सांगेल का?

भुसावळची ताई:
भाऊ, नावात 'एल' आलं की बहुतेक वेळा तिथं देव आला, दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. यशया या नावातला शेवटचा 'या' म्हणजे यहोवा, देवाचं हिब्रू नाव. शमुवेलचं जरा वेगळं आहे, त्याची आई हन्ना म्हणते मी याला देवाजवळ मागून घेतलं, पण हिब्रू शब्द फोडला तर 'त्याचं नाव देव' असं काहीसं निघतं. मला तर हन्नाचाच अर्थ जवळचा वाटतो, वर्षानुवर्षं रडून मागितलेलं लेकरू ते.

धुळेकर:
इसहाक म्हणजे 'तो हसतो'. अब्राहाम शंभरीला आलेला, त्याची बायको सारा नव्वदीची, बाळ होणार ऐकून आधी तो हसला मग ती, आणि देवाने नावच ते ठेवायला सांगितलं. बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचे अध्याय 17 आणि 18 वाचा.

नवापूरचा मामा:
ताई, बहिणीला नऊ वर्षांनी झालाय हो. तुमचं वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली. शमुवेलच ठेवतोय.