घरी कुत्र्याचे केस कापायला परवडणारी कात्री कोणती घ्यावी?

मदत हवी आहे. शिह त्झू जातीचा कुत्रा आहे, वजन सहा किलो, केस मऊ आणि सतत वाढणारे. डोळ्यांभोवती, पंज्यांखाली आणि शेपटीखाली नियमित कापावे लागतात. मशीन आहे, पण चेहऱ्याजवळ नेलं की आवाजाने बिचकतो. चार कात्र्यांचा स्वस्त संच घ्यावा की तेवढ्याच पैशांत एखादी बरी कात्री? किती इंची? शिवणकामाची कात्री चालेल का?

प्रतिसाद १
संच नको. चारही कात्र्यांचं स्टील बहुधा सारखंच मऊ असतं आणि वाकडी (वळणदार पात्याची) कात्री हात बसेपर्यंत पडूनच राहते. तुमच्या कामाला दोन पुरतात: साडेचार इंची, गोल टोकाची सरळ कात्री आणि साडेसहा इंची, चाळीसेक दात्यांची थिनिंग (केस विरळ करणारी) कात्री. हे माप टोकापासून बोटाच्या कडीपर्यंतचं असतं, नुसत्या पात्याचं नाही.

शिवणकामाची कात्री वापरू नका. ती जड आणि टोकदार असते, शिवाय मऊ केस तिच्या पात्यांत कापले न जाता दुमडतात. माणसांचे केस कापायची कात्री कापते छान, पण टोक अणकुचीदार, म्हणून डोळ्यांजवळ नको.

स्टीलमध्ये ४४०सी मिळालं तर उत्तम. त्यात कार्बन सुमारे १ टक्का असतो, त्यामुळे धार टिकते. ४२० मऊ, धार लवकर जाते, पण महिन्यातून एकदा चेहरा-पंजे करायला चालून जाईल. मात्र नुसत्या छापावर विसंबू नका, कात्री तपासून घ्या. ओला टिश्यू पेपर बुडापासून टोकापर्यंत कापा. टोकाशी कागद दुमडला किंवा फाटला, तर ती कात्री परत करा. मग एक कडी धरून दुसरं पातं काटकोनात उघडा आणि सोडा. ते थोडं खाली येऊन थांबलं पाहिजे. धाडकन मिटलं तर स्क्रू सैल आहे, हललंच नाही तर फार घट्ट. सैल कात्रीत केस अडकून ओढले जातात आणि कुत्रा पुढच्या वेळी कात्री बघूनच पळतो. घट्ट असली तर पाती एकमेकांवर घासून झिजतात.

प्रतिसाद २
थिनिंग कात्री वगळू नका, नवशिक्याला तीच वाचवते. सरळ कात्रीने चुकीचा काप गेला की पायरी दिसते. थिनिंगने दोन-तीन काप द्या, कंगवा फिरवा, बघा, मग पुढे. काप दिल्यावर कात्री पूर्ण उघडूनच बाहेर काढा. अर्धी मिटलेली ओढली की केस उपटले जातात.

कडीत अंगठा आणि अनामिका घाला, आणि हलवायचा फक्त अंगठा. खालचं पातं स्थिर राहिलं की टोक भरकटत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यात कापताना हनुवटीखालचे केस दुसऱ्या हातात धरा, टोक नाकाच्या दिशेने ठेवा, डोळ्याकडे कधीच नाही. पंज्याखाली गादीच्या पातळीला आलेले केसच कापा, बोटांच्या मधे टोक खुपसू नका.

धागाकर्ता
धन्यवाद! कानामागे गुंता होतो, तोही गोल टोकाच्या कात्रीने काढू का?

प्रतिसाद १
नाही, हे कृपया अजिबात करू नका. गुंता ओढला की त्याच्याबरोबर पातळ कातडी वर येते आणि केसांत दिसत नाही. घरी अशा जखमा सहज होतात: कानामागे, काखेत, जांघेत. आधी बोटांनी गुंता सुटा करून टोकाकडून मुळाकडे विंचरा. अगदी कातडीला चिकटला असेल तर मशीनला १० नंबरचं (केस अगदी आखूड कापणारं) पातं लावून काढा. मशीनला बिचकतो ना, मग आधी ते बंदच ठेवून अंगावर फिरवा, नंतर लांब ठेवून चालू करा. एका बैठकीत सगळं उरकू नका.

प्रतिसाद २
धारेबद्दल राहिलं. आधी अंघोळ, मग पूर्ण कोरडं करून विंचरणं, मगच कात्री. मातीचे कण केसांत असले की चांगली धारही लवकर जाते. काम झालं की पाती पुसून स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब. या कात्रीने कागद, टेप काही कापू नका. धार लावताना ती सुऱ्यांच्या चाकावर देऊ नका, विशेषतः बाहेरून फुगीर घासलेल्या पात्याची. तो आकार एकदा गेला की कात्री पुन्हा तशी चालत नाही.