प्रतिसाद: पाच किलो परत आले म्हणून ऑपरेशन फेल?

ताई, तुम्ही लिहिलंत की वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पाच किलो परत आलेत, हल्ली थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, "शॉर्टकट मारला, तोही वाया." हा शॉर्टकट शब्द वाचून डोकंच फिरलं.

माझं त्यातलं स्लीव्ह नावाचं ऑपरेशन झालंय. त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. पुढं बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या, आणि ताटात आधी प्रोटीन. गावच्या जत्रेला मटणाच्या पंगतीत वाटीभर पांढरा रस्सा नि दोन पीस खाऊन उठून बघा म्हणावं. शेजारची मावशी "एवढ्यावरच? वाढ रं हिला!" म्हणून हाक मारतीयाच. हीच मावशी आधी माझ्या ताटातल्या भाकरी मोजायची.

वजन साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला जातं, मग थोडं वर सरकतं. बहुतेकांचं होतं हे. भराभर वाढत असेल तर मात्र सर्जनना दाखवा.

माझा हिशेब वेगळाय. शुगरची गोळी डॉक्टरांनी बंद केली, जोतिबाच्या पायऱ्या दम न लागता चढते. गुडघा दुखतोय म्हटल्यावर हात न लावता "आधी वजन कमी करा" म्हणणारे डॉक्टरही बदलले. काटा घरात आहे, पण रोज त्यावर उभं राहणं सोडलं. पाहुण्यांना आकडा सांगत नाही, विचारू देत.

थकव्यानं घाबरून जाऊ नका, पण हिमोग्लोबिन, बी-१२ याच आठवड्यात तपासून घ्या.