दारू, एक केस आणि ती रात्र: सेमिनरीच्या अर्जात किती सांगायचं?

पाटणीपुऱ्याचा मुलगा, इंदूर

जय येशू. वय २९. आजोबा श्रीरामपूरकडच्या एका खेड्यातून इथल्या कापड गिरणीत आले. गिरणी बंद पडली, आम्ही इथेच राहिलो. इथे चर्चमधली मिस्सा-उपासना हिंदीत, मित्र हिंदीत. घरात आई आणि आजीशी मात्र मराठी. अडलंय ते आईपाशीच, म्हणून मराठीत विचारतोय.

मला धर्मगुरू व्हायचंय, त्यासाठी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, अर्ज करतोय. आजवर आमच्या चर्चच्या फादरांनाच तोंडी सांगितलं होतं, लिहितोय पहिल्यांदाच.

एकोणिसाव्या वर्षी दारू लागली. मग आयपीएलचा सट्टा, आणि उधारी पावणेदोन लाखांवर गेली. बाविसाव्या वर्षी गल्लीत मारामारी झाली. माझ्या हातून एका मुलाच्या डोक्याला चार टाके पडले. केस झाली, दोन वर्षं तारखांना गेलो, शेवटी त्याच्या घरच्यांनी समझोता केला. त्याच दिवसांत एका रात्री मी जीव द्यायचा प्रयत्न केला. आई पाणी प्यायला उठली म्हणून वाचलो. दवाखान्यात तिने "चुकून झालं" सांगितलं, कागदावरही तेच आलं. पोलिसांपर्यंत काही गेलं नाही.

दारू सोडून ४ वर्षं ७ महिने झाले. दर बुधवारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातो. उधारीतले ३२ हजार राहिलेत, महिन्याला ४ हजार फेडतो. एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे, बहुतेक रात्रपाळी. मागच्या पावसाळ्यात एक पेशंट आला, माझ्याच वयाचा, दारूने लिव्हर गेलेलं. घरचं कोणी नव्हतं. रात्रभर "भिया, जाना मत" एवढंच म्हणत होता. दुसऱ्या वॉर्डात दोनदा बोलावलं, मी गेलो नाही, त्यासाठी बोलणी खाल्ली. पहाटे चारच्या सुमारास तो गेला. तेव्हापासून हे मनातून जात नाही.

अर्जात पोलीस केस आणि आजारपण, दोन्हींचे रकाने आहेत. आई म्हणते, दारूचं सांग, केसचं सांग, ती रात्र सांगू नको. "देवाला माहीत आहे, पापनिवेदन झालंय, मग माणसांना कशाला?" मलाही तेच वाटतं. पापक्षमा मिळाली असेल तर परत का उकरायचं? आणि सांगितलं तर दार कायमचं बंद होईल का?

एक धर्मगुरू, नगर जिल्हा

प्रिय मित्रा, काही वर्षं मी सेमिनरीत शिकवलंय, त्यामुळे तुझा प्रश्न मला नवा नाही. आईचंही चुकत नाही. पापनिवेदनात जे झालं ते झालं, ती क्षमा पूर्ण आहे. फक्त गुरुदीक्षेचा, म्हणजे धर्मगुरू करून घेण्याचा, प्रश्न निराळा आहे.

१९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम १०४१ आहे. गुरुदीक्षेच्या आड येणाऱ्या गोष्टी त्यात मोजून दिल्या आहेत. दारू त्यात नाही, सट्टा नाही, उधारी नाही. आत्महत्येचा प्रयत्न आहे. घाबरू नकोस, पुढचं वाच. हा अडथळा दूर करता येतो. गोष्ट कोर्टात गेली असेल तर ती सूट रोमकडून आणावी लागते, गेली नसेल तर बिशप स्वतः देऊ शकतात. तुझी कोर्टात गेली ती मारामारी. त्याच यादीत 'अंगच्छेद'ही आहे; चार टाक्यांची जखम म्हणजे तो नव्हे, तरी केसचे कागद घेऊन जा आणि ते बिशपांनाच ठरवू दे. त्या रात्रीचं कोर्टात काही गेलेलं नाही.

कलम १०४५ म्हणतं की कायदा ठाऊक नव्हता म्हणून अडथळा सुटत नाही. आणि १०४३ प्रमाणे, ज्यांना अडथळा माहीत आहे त्यांनी गुरुदीक्षेआधी तो प्रमुख धर्मगुरूंना किंवा बिशपांना कळवायचा असतो. त्या 'ज्यांना'मध्ये तुझी आई येते. तू गप्प राहिलास तर गुरुदीक्षेच्या विधीत वेदीसमोर तू पालथा पडलेला असताना ती मागच्या बाकावर काय घेऊन बसेल, याचा विचार कर.

आता, पापनिवेदनात सांगून भागत का नाही? पापनिवेदन ऐकणारे फादर ते कुणालाही, कधीही सांगू शकत नाहीत. कलम २४० असंही म्हणतं की कुणाला गुरुदीक्षा द्यायची आणि कुणाला सेमिनरीतून काढायचं, यात आध्यात्मिक मार्गदर्शकांचं आणि पापनिवेदन ऐकणाऱ्यांचं मत विचारताच येत नाही. मुलांना तिथे मन मोकळं करता यावं म्हणून ही भिंत घातली आहे. पण त्याच भिंतीमुळे, ज्यांच्या हातात सूट आहे त्यांच्यापर्यंत ती गोष्ट आपोआप कधीच पोहोचत नाही. ती तुलाच, तुझ्या तोंडाने, त्या दुसऱ्या खोलीत जाऊन सांगावी लागेल.

दारू यादीत नाही म्हणालो, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळांना उशिरा कळते. मिस्सेत धर्मगुरूला द्राक्षारस प्यावा लागतो. ज्याला दारूचा थेंबही चालत नाही त्याला बिशप मुस्तुमची परवानगी देऊ शकतात, म्हणजे आंबवण थांबवलेला द्राक्षांचा रस. मात्र अशा उमेदवाराला गुरुदीक्षा देताना फार जपून पाऊल टाकावं, असं रोमने २००३च्या पत्रात लिहिलंय. म्हणून तुझ्या मीटिंगा, ही ४ वर्षं ७ महिने, सगळं पहिल्याच भेटीत सांग.

मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतील. तपासणी तुझ्या लेखी संमतीनेच होते. उपचार घेतलेत म्हणून कोणी आपोआप अपात्र ठरत नाही, तज्ज्ञांचं मत घेऊन ठरवतात. एवढं करून बिशप 'थांब' म्हणतील, कदाचित 'नाही'ही म्हणतील. 'हो' म्हणाले तर पूर्वतयारीचं वर्ष, दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान, मध्ये धर्मग्रामातला अनुभव. तू अडतिशीला येशील.

अशा वेळी सगळे संत ऑगस्टिनचं नाव घेतात. मी तुला संत कमिलस सांगेन. सैनिक, जुगारी, हरून हरून कंगाल झालेला. १५७५ साली मन पालटलं. कपुचिन संन्याशांच्या संघाने पायाच्या जखमेमुळे त्याला परत पाठवलं. ती जखम शेवटपर्यंत बरी झाली नाही. तो रोमच्या इस्पितळात रोग्यांची सेवा करत राहिला आणि १५८४ साली, चौतिसाव्या वर्षी, धर्मगुरू झाला. रात्रपाळीवाल्यांना तो जवळचा वाटतो.

मकरपुरा, वडोदरा

भावा, फादरांनी कायदा सांगितला. मी लपवल्यावर काय होतं ते सांगतो.

सेमिनरीत जायच्या आधी मी सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात होतो. अर्जात तिथे 'काकांकडे शेतीकामाला' असं लिहिलं. कुणी विचारलं नाही, पूर्वतयारीचं वर्ष छान गेलं. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी एका सणाच्या जेवणात प्रत्येकाच्या ताटाशी वाइनचा छोटा पेला ठेवला होता. मी पोट बिघडल्याचं सांगून सुटलो. ख्रिसमसला पुन्हा तेच. शेजारच्याने हसत विचारलं, "तुझं पोट सणालाच कसं बिघडतं रे?" एका वाक्यात सुटलो असतो, 'मला दारू चालत नाही'. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि अर्ज खोटा होता. म्हणून प्यायलो. तो एक पेला मी माझा अर्ज वाचवायला प्यायलो रे. तीन महिन्यांत मी गेटबाहेर जाऊन विकत आणू लागलो होतो.

मला घरी पाठवलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आज बारा वर्षं कोरडा आहे, जीआयडीसीत लेथवर काम करतो, बायको आहे, दोन मुली आहेत, रविवारी गायनमंडळात पेटी वाजवतो. सुखी आहे, हे मनापासून सांगतो. पण गुरुदीक्षेच्या मिस्सेला पेटीवर बसलो की डोळे भरतात. मला देवाचं पाचारण नव्हतंच की मीच ते बुडवलं, हे मला कधीच कळणार नाही. तुला 'नाही' ऐकावं लागलं तरी तुला निदान कारण माहीत असेल.

आणि ते ३२ हजार फेडून मगच अर्ज दे. आठ महिन्यांचा प्रश्न आहे.

जपमाळवाल्या काकू, इंदूर

बाळा, माझा मुलगा धर्मगुरू आहे. त्याच्या दीक्षेआधी चर्चमध्ये त्याचं नाव वाचून दाखवलं, कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा म्हणून. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी पदराची गाठ हातात घट्ट धरून बसले होते. तुझ्या आईचं त्या दिवशी काय होईल ते मला आत्ताच दिसतंय.

तिला तुझी लाज वाटते असं समजू नकोस. त्या रात्री तिने एकटीने तुला वाचवलं, तेव्हापासून ती तुझ्यावर पहाराच देतेय. तिचा पहारा उठवायचा तर आधी तिला कोणीतरी बसवून ऐकायला हवं. मीटिंगला घरच्यांनाही नेता येतं का, विचार. आणि बाळा, तसा विचार पुन्हा कधी मनात आला, आज किंवा सेमिनरीतल्या सहाव्या वर्षी, तर अर्जाचा विचार करू नकोस, त्याच मिनिटाला कुणाला तरी उठव.

आपल्या सिस्टर राणी मारियाला १९९५ साली उदयनगरच्या बसमध्ये मारलं. ज्याने मारलं त्याला तिच्या सख्ख्या बहिणीने २००२ साली तुरुंगात जाऊन राखी बांधली. २०१७ साली इथे इंदुरात राणी मारियाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी मैदानात होते. तुझी त्याच्याशी तुलना करत नाही, तू कुणाचा जीव घेतलेला नाहीस. एवढंच म्हणते की तिच्या बहिणीने सगळं माहीत असून राखी बांधली. तुझ्या बिशपांनाही सगळं माहीत असू दे.

पाटणीपुऱ्याचा मुलगा, इंदूर

सगळ्यांचे आभार. वडोदऱ्याच्या दादा, तुमचा पेला दोन दिवस डोळ्यासमोरून गेला नाही. मी अर्जात 'आजारपण: काही नाही' असं पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं. खोडलं.

काल आईला तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. फादरांचं मागच्या बाकावरचं वाक्य आलं तेव्हा ती उठून चहा टाकायला गेली, गॅस न लावताच उभी राहिली. मग कपाटातून लग्नाच्या शालूची घडी काढली आणि तिच्यातून दवाखान्याचा तो कागद. सात वर्षं तिथे होता. मला वाटत होतं तिने तो फाडला.

गुरुवारी संध्याकाळी फादरांकडे जातोय, त्यांच्याकडून बिशप हाउसची वेळ घ्यायला. आई येते म्हणाली. आत येणार नाही, बाहेर बसेन म्हणाली. बुधवारच्या मीटिंगचं विचारलं, त्याला अजून हो म्हणाली नाही.