साबुदाण्याची खळ निळीत सुटते – योरुबा 'आदिरे' करताना

प्रश्न (मांडवी, बडोदा)
नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या 'आदिरे' पद्धतीने, म्हणजे खळीने नक्षी झाकून बाकीचं कापड निळीत रंगवून, नक्षी काढायची आहे. कापड हातमागाचं सुती, अडीच मीटर. साबुदाणा दळून खळ शिजवली, नक्षी काढून वाळवली, पण दुसऱ्या बुडीला खळ बुळबुळीत होऊन निघते. पिंपातलं पाणी 50 अंशांवर आहे, बुडी पंधरा मिनिटांची. आणि याच कापडावर 'एतू' या योरुबा कापडाचा काळपट निळा येईल का?

उत्तर १
एतूचं आधी सांगते. त्यात विणलेलं कापड रंगवत नाहीत. सूत पुन्हा पुन्हा निळीत बुडवून जवळजवळ काळं करतात, फिकट निळ्या बारीक रेघा घालून चारेक इंच रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि त्या काठाला काठ लावून शिवतात. तयार कापडावर तो परिणाम शोधू नका.

तुम्ही करताय ते आदिरे एलेको, म्हणजे खळ लावून केलेलं आदिरे. नायजेरियातल्या आबेओकुटा, इबादान या शहरांकडे हे काम विसाव्या शतकात बहुतेक गिरणीच्या कापडावरच झालं, कारण सपाट पृष्ठावर कोंबडीच्या पिसाने रेघ स्वच्छ उठते. पत्र्याचे छापेही वापरतात. जाड हातमागावर खळ खड्ड्यांत बसते आणि रेघ फाटते. शक्य असेल तर घट्ट विणीचं पातळ कापड घ्या.

साबुदाणा कसाव्याच्या (टॅपिओकाच्या) कंदाचाच, पण तो निव्वळ स्टार्च. तिथे 'लाफुन' म्हणजे आंबवलेल्या कसाव्याचं पीठ वापरतात, त्यात चोथा असतो. निव्वळ स्टार्च वाळला की काचेसारखा तडकतो. 100 ग्रॅम साबुदाणा पिठात दोन चमचे मैदा, 800 मिली पाणी, चमचाभर तुरटी. पारदर्शक होईतो शिजवा, गाळा. खळ एकाच बाजूला लावा आणि सावलीत खडखडीत वाळवा.

उत्तर २
खळ सुटते ती उष्णतेने, ताई. साठ अंशांच्या पुढे कसाव्याचा स्टार्च फुगतोच, पण 50लाही पंधरा मिनिटं भिजल्यावर धरणार नाही. योरुबा माठात राखेचं क्षारपाणी आणि 'एलू' वेलीच्या कुटलेल्या पानांचे वाळवलेले गोळे आंबतात. त्याला आच लागत नाही, म्हणून त्यांची खळ टिकते.

फ्रुक्टोजचं (फळसाखरेचं) पिंप करा. 20 लिटरला नीळ 60 ग्रॅम, विझवलेला चुना 120, फ्रुक्टोज 180. साधी साखर चालत नाही. गुळाने होतं, पण रेंगाळतं. 50–60 अंशांच्या पाण्यात कालवा, रात्रभर ठेवा. वर तांबूस-निळी साय, खाली पिवळट पारदर्शक पाणी दिसलं की तयार. पाणीही निळंच असेल तर नीळ विरघळलेली नाही, थोडं फ्रुक्टोज आणि ऊब द्या. पण कापड घालायचं ते 30 अंशांखाली आल्यावरच. बुडी तीन मिनिटांची, पिळायचं नाही, निथळून पूर्ण वाळवायचं, मग पुढची. गडद रंग सात-आठ बुड्यांनी येतो. एकाच घट्ट बुडीचा रंग हाताला लागतो. तळाचा चुना ढवळला गेला तर पांढरे डाग पडतात, म्हणून मध्ये जाळी टांगा.

उत्तर ३
दोघांच्या बोलण्यात एक राहिलं: दुकानातून आणलेल्या कापडाला आधीच असलेली खळ. कोऱ्या हातमागाला कांजी असते, ती न काढता रंगवलं तर ढग उठतात. लिटरला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा, नक्षी त्यानंतर. आणि उलट बाजूने नीळ आत शिरतेच, म्हणून एलेकोची नक्षी फिकट निळी येते. पांढरीशुभ्र मागू नका. शेवटी वाळलेली खळ बोथट चमच्याने खरवडा, मग गार पाण्यात भिजवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. गरम पाणी आधीच ओतलंत तर तीच खळ परत चिकटेल.